बिनविषाचं कडवळ, बिनलेबलाची पिशवी

पत्र:

डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही मोहोळ तालुक्यातले. अडीच एकर रान, दोन म्हशी, एक जर्सी गाय आणि तिची सव्वा वर्षाची कालवड एवढा आमचा गोठा. होता म्हणायचं, कारण कालवड गेली. उन्हाळ्यात कडवळ, म्हणजे वैरणीची ज्वारी, केलं होतं. वैशाखात एकदा कापलं, मग बोअरचं पाणी गेलं आणि खोडवा तसाच वाळत राहिला. मृगाचा पाऊस झाला आणि आठ-दहा दिवसांत वीतभर हिरवेगार फुटवे आले. एका दुपारी कालवडीनं दावं तोडलं आणि रानात शिरली. मला वाटलं, खाऊ दे घटकाभर, उन्हाळाभर वाळलेलंच खाल्लंय तिनं. भाकरी करून परत आले तर आडवी पडलेली. तोंडाला फेस, पाय झाडत होती. डॉक्टर पोचायच्या आधीच जीव गेला. त्यांनी तपासलं, रक्त लालभडक होतं, म्हणाले किराळ लागली, कोवळ्या ज्वारीची विषबाधा. बेंदराला तिच्या शिंगांना पहिल्यांदा हिंगूळ लावायचा होता. भाकरीला घरात गेले नसते तर, हे डोक्यातून जात नाही.

आता माझ्या दिरांनी कडवळाच्या बियाण्याची एक पिशवी आणलीय. वर काही छापलेलं नाही. विकणारा म्हणतो हे जीएम (जनुकीय बदल केलेलं) कडवळ आहे, यातलं विष शास्त्रज्ञांनी काढून टाकलंय, कोवळं खाल्लं तरी किराळ लागत नाही. किलोला बाराशे रुपये. सासूबाई म्हणतात, असलं कारखान्यातलं गवत माझ्या गोठ्यात नको, त्या दुधानं लेकरांना काही झालं तर? मालक मधल्यामधे गप्प. मला पुन्हा तसं मरण बघवणार नाही. पेरू का? आणि उभा खोडवा नांगरून टाकू का?
एक बहीण, मोहोळ तालुका

उत्तर:

ताई,

पिशवी पेरू नका. फेकूनही देऊ नका, ती कुणाच्या हातात द्यायची ते पुढं सांगतो. खोडवा नांगरायचं कारण नाही.

आधी कालवडीचं. भाकरीला गेला नसता तरी फार फरक पडला नसता. पोटभर कोवळे फुटवे गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांतही जनावर कोसळतं, आणि औषध शिरेतून द्यावं लागतं. ते घरात कुणाकडंच नसतं. तुमची चूक झाली ती ‘खाऊ दे घटकाभर’ म्हणालात तिथं. आणि ती चूक मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलीय, की तिला चूक म्हणायलाही जीभ रेटत नाही. उन्हाळाभर कडबा आणि उसाचं वाढं चघळलेलं जनावर हिरव्यात तोंड घालताना बघून कुणाचा हात त्याला ओढायला धजेल?

आता पिशवी. विकणारा सगळंच खोटं बोलत असता तर हे उत्तर मी चार ओळींत संपवलं असतं. पंचाईत अशी की तो निम्मं खरं बोलतोय. बिनविषाची ज्वारी जगात आहे. फक्त ती तुमच्या दिरांच्या पिशवीत नाही, आणि जिथं आहे तिथंही ती त्या अर्थानं जीएम नाही.

ज्वारीच्या हिरव्या पानात धुरिन नावाचा पदार्थ असतो. ज्वारीला अरबीत धुरा म्हणतात, त्यावरून पडलेलं नाव. धुरिन म्हणजे साखरेच्या कणाला बांधून ठेवलेलं सायनाईड. पानाच्या आत एका कप्प्यात धुरिन आणि वेगळ्या कप्प्यात ते फोडणारं विकर (एन्झाइम) असतं. पान धड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. जनावरानं चावलं, पायाखाली तुडवलं, पान कोमेजलं, की कप्पे फुटतात आणि हायड्रोसायनिक आम्ल मोकळं होतं. गाई-म्हशींच्या कोटीपोटातले जिवाणूही हेच काम करतात. म्हणून रवंथ करणाऱ्या जनावराला किराळ जितकी पटकन लागते, तितकी घोड्याला लागत नाही. हे आम्ल रक्तातून पेशींत गेलं की पेशींना प्राणवायू वापरता येत नाही. रक्तात तो भरलेला असतो, घेणाऱ्याचे हात बांधलेले. न वापरलेल्या प्राणवायूमुळंच रक्त तसं लालभडक दिसतं, जे तुमच्या डॉक्टरांनी बघितलं.

किती लागतं? जनावराच्या वजनाच्या किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम भराभर सुटलं की संपलं. कालवड दोनशे किलोची धरा. म्हणजे ४०० मिलिग्रॅम. हिरव्या वैरणीत किलोमागे २०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की आम्ही धोका मानतो, आणि ताण बसलेल्या कोवळ्या फुटव्यात ते याच्या कितीतरी वर जाऊ शकतं. समजा ५०० निघालं, तर एक किलोसुद्धा लागत नाही. भुकेलं जनावर एक किलो हिरवं किती वेळात संपवतं, हे तुम्ही मला सांगाल.

धुरिन सगळ्यात जास्त असतं ते कोवळ्या पानात. पाण्याचा ताण बसला की वाढतं, नत्र जास्त पडलं की वाढतं. जसजसं ताट उंच होतं, निसवतं, फुलोऱ्यात येतं, तसतसं कमी होत जातं. वाळलेल्या कडब्यात भीती राहत नाही. तुमच्या रानात कोवळेपणा होता आणि मागचा ताणही होता. पाऊस पडल्या पडल्या युरिया फेकला असेल (बहुतेक जण फेकतात, तुम्ही लिहिलेलं नाही) तर तिसरंही जुळलं.

इथं माझी एक गोष्ट सांगतो, कारण पिशवीचा हिशोब तिच्याशिवाय पुरा होत नाही.

१९८६ साली, नोकरीच्या पहिल्या वर्षी, सीनेकाठच्या एका गावातून सांगावा आला. दोन म्हशी पडल्यात, कडवळ खाल्लंय. कडवळ म्हटल्यावर माझ्या डोक्यात किराळ पक्की झाली. किराळीवर शिरेतून सोडियम नायट्राईट आणि त्यामागून सोडियम थायोसल्फेट देतात. मी गोठ्यात पोचलो, बॅग उघडली, नायट्राईट सिरिंजमध्ये भरलं. सोबत दवाखान्यातले आमचे व्रणोपचारक होते. शिक्षण सातवी, नोकरीची तीस वर्षं झालेली. त्यांनी मला काही न विचारता म्हशीच्या कानाला सुई टोचली आणि बोटावर आलेला थेंब माझ्यापुढं धरला. काकवीसारखा. तपकिरी. ‘साहेब, लाल कुठंय?’ एवढंच म्हणाले.

ती किराळ नव्हती. नायट्रेटची विषबाधा होती. त्या कडवळाला गावच्या गटाराचं पाणी जात होतं आणि वर युरियाचा मारा. नायट्रेट पोटात गेलं की त्याचं नायट्राईट होतं आणि ते रक्ताची प्राणवायू वाहायची ताकदच मारतं, म्हणून रक्त तपकिरी होतं. त्यात मी सिरिंजमधून आणखी नायट्राईट घालणार होतो. किराळीचं औषध, पण या दुखण्यात तेच विष. सिरिंज रिकामी केली, मिथिलीन ब्लू काढलं. एक म्हैस उठली, एक नाही. त्या काकांनी पुढं कधीही हा विषय काढला नाही, मीच दर वर्षी नव्या पोरांना सांगत आलो.

सांगायचं कारण हे, की उद्या बिनधुरिनचं कडवळ खरोखर बाजारात आलं, तरी त्या दोन म्हशींना त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. धुरिन काढलं म्हणून नायट्रेट जात नाही. ‘कसंही खाऊ द्या, काही होत नाही’ असं कडवळ कुणीच बनवलेलं नाही.

आता खरी बिनविषाची ज्वारी कुठं आहे ते. धुरिन तयार करायला ज्वारी तीन पायऱ्या वापरते, आणि प्रत्येक पायरीवर एक विकर राबत असतं. पहिलं विकर मोडलं की पुढचं काम आपोआप बंद. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश आणि क्वीन्सलँड विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी ज्वारीच्या बियाण्याला रसायनाची प्रक्रिया करून हजारो झाडांत कुठं काय बदललंय ते तपासलं. त्यात त्यांना पहिल्या विकराचा जीन बिघडलेलं झाड सापडलं. बी रुजल्यापासून काढणीपर्यंत त्यात धुरिन तयारच होत नाही. २०१२ साली त्यांनी ते जाहीर केलं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानंही त्याच जीनमधल्या वेगळ्या बदलातून बिनधुरिनची चाऱ्याची ज्वारी तयार केली. दोन्हीत बाहेरच्या कुठल्या जिवाचा जीन आणून घातलेला नाही. ज्वारीचाच एक जीन बंद पडलाय, बस्स. आपल्याकडं ट्रॉम्बेच्या, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या भुईमुगाच्या जाती अशाच, फक्त रसायनाऐवजी किरणांनी बदल घडवून, मग संकर करून काढल्यात. टॅग-२४ भुईमूग तुमच्या भागात कुणी ना कुणी पेरला असेल. त्याला कुणी जीएम म्हणत नाही, आणि सासूबाईंनी त्याच्या शेंगदाण्याची चटणी कुटली असेल. सोलापुरात ते टळणं अवघड आहे.

अस्सल जनुकीय अभियांत्रिकी धुरिनवर झाली ती उलट्या दिशेनं. २००१ साली कोपनहेगनच्या शास्त्रज्ञांनी ज्वारीतले धुरिन बनवणारे तिन्ही जीन उचलून मोहरीच्या कुळातल्या एका रानटी रोपट्यात घातले. ते रोपटं धुरिन बनवू लागलं आणि त्याचा पाला खाणाऱ्या भुंगेऱ्यांनी त्याकडं पाठ फिरवली. यातून एक गोष्ट दिसते जी पिशवीवाला सांगणार नाही. धुरिन हे ज्वारीचं हत्यार आहे. ते काढून घेतलं की जनावर वाचेल, पण किडीचंही फावेल. २०१८ पासून आपल्याकडं अमेरिकन लष्करी अळी मक्यावर ठाण मांडून बसलीय. निःशस्त्र कडवळ तिच्यापुढं किती टिकेल, हे आपल्या रानात चाचणी झाल्याशिवाय मी तरी सांगणार नाही.

वैरण आणि पेंड सुरक्षित करायला जनुकीय बदलाचा उपयोग होतो, यात मला शंका नाही, आणि मी त्याच्या विरोधात नाही. सरकीचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. मोठ्या जनावराला बेताच्या पेंडीत ते पचतं, वासराला आणि कोंबडीला बाधतं. अमेरिकेत टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी असा कापूस तयार केला, की पानात आणि बोंडात गॉसिपॉल कायम, फक्त सरकीत नगण्य. म्हणजे झाडाचं हत्यार झाडाकडं राहिलं आणि बी मात्र खाण्याजोगं झालं. २०१८ मध्ये तिथल्या कृषी खात्यानं त्याच्या लागवडीला मोकळीक दिली. कडवळाचंही असं काही झालं, कोवळेपणी कीड दूर ठेवेल आणि जनावराला मारणार नाही असं, तर पहिली पिशवी मी विकत घेईन. न्यूझीलंडमध्ये पांढरा क्लोव्हर नावाच्या चाऱ्याच्या पानात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, तयार व्हावं म्हणून एका रानटी क्लोव्हरचा जीन घालून बघितलाय. उद्देश पोटफुगी कमी व्हावी, हाही एक. हिरवा लसूणघास उपाशीपोटी घालून ज्यानं गाय फुगलेली बघितलीय, त्याला यातलं मोल सांगायला नको.

पण हे सगळं परदेशात. भारतात जीएम बियाणं विकायला केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची मंजुरी लागते. शेतकऱ्याच्या रानात आजवर व्यापारी पद्धतीनं पोचलेलं जीएम पीक एकच, बीटी कापूस, २००२ पासून. बीटी वांगं २०१० साली थांबवलं गेलं. जीएम मोहरीला २०२२ मध्ये समितीनं वाट करून दिली, पण २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचा त्यावर वेगवेगळा निकाल आला. नुसता आपलाच जीन दुरुस्त केलेल्या, म्हणजे जीनोम एडिटिंगच्या पिकांना मार्च २०२२ पासून नियमांत सवलत आहे, आणि मे २०२५ मध्ये अशा भाताच्या दोन जाती सरकारनं जाहीर केल्या. मंजुरी मिळालेलं जीएम कडवळ मात्र एकही नाही. त्यामुळं पिशवीत बहुतेक बाजारातली साधी ज्वारीच असणार, बाराशे रुपये किलोनं. आणि साधं बी असण्यात धोका जास्त आहे! दिरांनी विश्वास ठेवून वीतभर कडवळात म्हशी सोडल्या, तर?

कायदेशीर पिशवीवर जातीचं नाव, लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी, तपासणीची तारीख आणि मुदत छापलेली असते. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी, सत्यप्रत बियाण्याला फिकट हिरवी. यातलं काहीच नसेल तर ती पिशवी घेऊन पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडं जा आणि लेखी तक्रार द्या. पावती नसेलच, तरी जा. तुमच्या दिरांना यात अडकवायचं नाही. त्यांनी घरातलं दुःख बघून पैसे घातलेत, हे ध्यानात ठेवून बोला.

सासूबाईंचं दोन भागांत बघू.

‘कारखान्यातलं गवत’ हे त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. पण तुमच्या म्हशी सरकी पेंड खात असतील. आज आपल्याकडचा जवळपास सगळा कापूस बीटी आहे, म्हणजे त्याची सरकी बीटी, पेंडही बीटी. गेली वीसेक वर्षं सासूबाई स्वतःच्या हातानं ती भिजवून घालतायत आणि त्याच दुधावर तुमची लेकरं वाढलीत. हे त्यांना एकदम चारचौघांत सांगू नका, सरकीची पाटी हातातून टाकतील. जनावराच्या पोटात जीन आणि त्यातून बनलेली प्रथिनं बाकीच्या अन्नासारखीच पचतात. अमेरिकेत जीएम चारा-दाणा १९९६ नंतर सर्रास सुरू झाला. त्याआधीच्या आणि नंतरच्या काळातल्या शंभर अब्जांहून जास्त जनावरांची आणि कोंबड्यांची आकडेवारी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोघींनी २०१४ मध्ये पडताळली. आरोग्यात किंवा उत्पादनात त्यामुळं बिघाड झाल्याचं दिसलं नाही. २००६ च्या सुमारास वरंगळकडं बीटी कापसाच्या रानात चरून मेंढ्या मेल्याची मोठी चर्चा झाली होती, ती सासूबाईंच्या कानावर आली असेल. तेव्हा केंद्राच्या त्याच समितीनं दोष बीटीवर न ठेवता नायट्रेट, सायनाईड आणि कीटकनाशकाच्या अंशाकडं बोट दाखवलं होतं. म्हणजे फिरून आपण माझ्या सीनेकाठच्या गोठ्यातच आलो.

दुसरा भाग, लेकरांच्या दुधाचा. काळजी योग्य आहे, दार चुकलंय. किराळीचं सायनाईड दुधात साठून राहत नाही. थोडं पोटात गेलं तर जनावराचं यकृत गंधकाच्या मदतीनं त्याची विल्हेवाट लावतं, जास्त गेलं तर दूध काढायला जनावरच उरत नाही. चाऱ्यातून दुधात उतरणारं खरं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन, बुरशीचं. ओल्या कोपऱ्यात ठेवलेली शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, मक्याचा भरडा यांत ती बुरशी धरते, दिसत असते किंवा नसतेही. २०१८ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यातल्या ३६८ नमुन्यांत हे विष ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. दूध उकळून ते जात नाही. तेव्हा सासूबाईंना म्हणा, आपण दोघी मिळून पेंडीची पोती बघू. भिंतीला टेकलेली असतील तर ओढा, खाली फळ्या टाका, एका वेळी पंधरा दिवसांचीच पेंड आणा. कुबट वास आला तर जनावराला नाहीच, खतात. ‘धुऊन घालू’ हा हिशोब इथं चालत नाही.

आता तुमचा खोडवा. हे पत्र छापून हातात पडेपर्यंत तो कमरेच्या वर गेला असेल. जाऊ द्या. आता युरिया टाकू नका. निम्मी ताटं फुलोऱ्यात आली की कापायला घ्या, त्याआधी एक पेंढीही नको, पाहुण्यांच्या बैलालासुद्धा नको. कापल्यावर उन्हात चांगलं सुकवा, मग कुट्टी करा आणि निम्मा कडबा मिसळून घाला. रिकाम्या पोटी कधीच नाही, आधी कडबा, मग हिरवं. नुसतं कोमेजलेलं म्हणजे सुकलेलं नव्हे. अर्धवट कोमेजलेल्या पानात विष मोकळं झालेलं असतं, तिथं लोक फसतात. मुरघास करायची सोय असेल तर त्याहून बरं. दीड-दोन महिने मुरल्यावर धुरिनचं भय बरंच उतरतं, नायट्रेटही निम्म्याच्या आसपास येतं. मधेच पावसानं ताण दिला आणि बुडातून नवे कोवळे फुटवे आले, तर उंच ताटं बघून फसू नका. जनावर आधी तेच खातं.

पुढच्या उन्हाळ्यात पाण्याचा भरवसा नसेल तर कडवळाऐवजी चाऱ्याची बाजरी करून बघा. बाजरीत धुरिन नसतं. (युरिया तिथंही हात राखूनच.) ज्वारीच हवी असेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या चाऱ्याच्या जाती आहेत, फुले अमृता, फुले गोधन. तुमच्याजवळ मोहोळचं संशोधन केंद्र आहे आणि सोलापुरात रब्बी ज्वारीचं राष्ट्रीय केंद्र. तिथं जाऊन एकच प्रश्न विचारा, खोडव्याला किराळीचा धोका सगळ्यात कमी कशात? मालदांडी ३५-१ तुमच्या मोहोळातच १९३० च्या दशकात गावरान मालदांडीतून निवडून काढलेली. सासूबाईंना देवाची वाटणारी ज्वारीही कुणीतरी रानात वाकून, कणीस कणीस बघून निवडलेली आहे. हे मात्र त्यांना जरूर सांगा.

आणि देव न करो, पुन्हा तसं दिसलं, तर जनावराला त्या रानातून लगेच बाहेर काढा आणि १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनवर फोन करा. फोनवर ‘किराळ’ हा शब्द उच्चारा, म्हणजे येणारा थायोसल्फेट बरोबर घेऊन येईल. जुन्या फोटो स्टुडिओत हायपो म्हणून वापरायचे तेच ते, पण ते घरात आणून स्वतः द्यायचं नाही. आडव्या पडलेल्या जनावराच्या तोंडात गूळपाणी, तेल, ताक काहीही ओतू नका. ते फुप्फुसात जातं आणि किराळीतून वाचलेलं जनावर त्यानं मरतं. कान टोचून रक्ताचा रंग बघून ठेवलात, आणि लाल की तपकिरी एवढं डॉक्टरांना सांगितलंत, तर माझ्यासारख्या एखाद्या नवख्यावर उपकार होतील.

सासूबाईंना एक विचारा. त्यांच्या सासरी, माहेरी गुरं पावसाळ्याच्या तोंडावर ज्वारीच्या रानात सोडायचे का? माझी आजी पोंग्यातल्या ज्वारीच्या बांधावरसुद्धा शेळी नेऊ द्यायची नाही. कारण विचारलं तर ‘किराळ असते’ एवढंच. धुरिनचं नाव तिला ठाऊक नव्हतं. तुमच्या घरातही हे कुणाला तरी माहीत होतं आणि मधल्या एका पिढीत ते सांगायचं राहून गेलं, असा माझा अंदाज आहे.

तुमचा,
पशुवैद्य (निवृत्त), जुळे सोलापूर

ता. क. नवी कालवड घेणार असाल तर ती चार-पाच महिन्यांची होईपर्यंत सरकी पेंड तिच्या पाटीपासून लांब ठेवा, कारण वर सांगितलंय. आणि दावं या खेपेला सुताचं नको. साखळी घ्या.